आधी पाणी मोजूया

आमची तृतीय वर्षाची तुकडी जाताना कॉलेजला काय भेट देणार, यावर महिनाभर ग्रुपवर चर्चा चालू आहे. घड्याळ नको, भिंतीवर आधीच आहेत. कुंड्या नकोत, मागच्या तुकडीने दिल्या. शेवटी कुणीतरी सुचवलं, वाचनकक्षात फिश टँक देऊया. आम्ही एकतीस जण. प्रत्येकाने आपल्या आवडीचा एक मासा आणायचा आणि खाली पट्टीवर एकतीस नावं कोरायची. म्हणजे आम्ही गेलो तरी आमच्या नावाचे मासे इथे पोहत राहतील. दहा मिनिटांत त्या मेसेजवर वीस-बावीस बदाम पडले. त्यातला एक माझा होता.

रात्री मी हिशोब करून पाहिला आणि तो बदाम मागे घ्यावासा वाटला. ग्रुपवर चार ओळींत ते सांगता येईना, म्हणून इथे लिहिते आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. टाकीला झेपतील त्यापेक्षा जास्त मासे ठेवणं हा त्या माशांवर अन्याय आहे. आपण तो हौसेने आणि प्रेमाने करतो, म्हणून तो अन्याय वाटत नाही इतकंच. आणि मासे पाळायचे असतील तर पाळणाऱ्याने सगळ्यात आधी शिकायचा शब्द म्हणजे ‘पुरे’.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. आमच्याच घरात घडलं. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा पप्पांनी बक्षीस म्हणून दोन फुटी फिश टँक आणला. दुकानदाराने नऊ गोल्डफिश दिले, आठ लाल आणि एक काळा. “नऊचा आकडा शुभ असतो, वास्तूला चांगलं,” तो म्हणाला. पप्पा हसले, “अहो, आम्ही ख्रिश्चन, आम्हाला कसली वास्तू?” त्यावर तो म्हणाला, “मग राहू दे, पण टाकी भरलेली तरी दिसते ना!” हे मात्र पप्पांना पटलं. वर ‘टाकी साफ ठेवतो’ म्हणून एक सकर फिश त्याने फुकट दिला. दुकानातून सुटताना टाकी कुठे ठेवायची, दिवा कोणता लावायचा, हे सगळं आम्ही विचारलं. या टाकीत किती मासे राहू शकतात, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

दोनेक आठवडे झाले असतील. जूनची १३ तारीख, संत अंतोनीचा सण. सकाळी मिसाला जायच्या गडबडीत आजीने मला हाक मारली. सगळे मासे पाण्याच्या वरच्या थरात येऊन, तोंडं बाहेर काढून, एका ओळीत उभे होते. आमच्यात संत अंतोनीची एक गोष्ट सांगतात. इटलीतल्या रिमिनी गावात लोक त्याचं ऐकेनात, तेव्हा तो पाण्याकाठी जाऊन माशांनाच उपदेश करू लागला, आणि मासे पाण्याबाहेर डोकी काढून ऐकत राहिले. आजी म्हणाली, “बघ गो, प्रवचन ऐकतायत!” आम्ही सगळे हसलो. मी फोटो काढला. मावशीला पाठवला.

ते मासे प्रवचन ऐकत नव्हते. ते गुदमरत होते. दोन दिवसांत तीन मेले.

तो फोटो माझ्याकडे अजून आहे. आजीला मी त्याचा खरा अर्थ कधी सांगितला नाही. पण आपल्या टाकीत काय चाललं होतं ते मी हळूहळू वाचून काढलं, आणि ते इथे थोडक्यात सांगणं गरजेचं आहे, कारण ‘टाकीत गर्दी’ म्हणजे नुसती जागेची अडचण असं आपल्याला वाटतं. बसमध्ये उभं राहून जातो तसं. गर्दी आधी पाण्यात होते.

मासा ज्या पाण्यात श्वास घेतो, त्याच पाण्यात त्याची घाण जाते. त्याच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडत असतो. उरलेलं खाणं कुजतं त्यातूनही अमोनियाच होतो. नदीत किंवा तळ्यात तो पसरून जातो. टाकीत तो साठतो, आणि थोडासा साठला तरी कल्ले जाळतो. यावर निसर्गाचाच एक उपाय आहे. नायट्रोसोमोनास नावाचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, आणि नायट्रोस्पायरासारखे दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटसुद्धा विषारीच असतं, त्याने माशाचं रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य. ते दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, तळाच्या खड्यांवर वस्ती करतात. नव्या टाकीत ती वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

आम्ही पहिल्याच दिवशी नऊ मासे सोडले होते. वस्ती बसलेलीच नव्हती. वर पप्पा दर रविवारी सगळं पाणी काढून, खडे आणि स्पंज नळाखाली घासून घासून धूत. म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांनाही आणि जी काही वस्ती धरू लागली होती तिलाही. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसायचं. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

आता पुढचा भाग, जो मला जास्त लागतो. तीन मासे मेले तेव्हा आम्ही काय केलं? पुन्हा तीन आणले. टाकी रिकामी रिकामी वाटत होती! त्यानंतर आणखी दोनदा असंच झालं. ‘मासे मरतातच,’ असं आम्ही एकमेकांना समजावलं. वीस-तीस रुपयांची तर गोष्ट. वर्षभर असं चाललं, आणि पुढच्या मे महिन्यात एका संध्याकाळी वळीव आला. बेळगावात वळीव म्हणजे लाईट जाणारच. त्या दिवशी ती पहाटेपर्यंत आली नाही. एअर पंप बंद. कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. २० अंश तापमानाला एका लिटरमध्ये जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास, तर ३० अंशांना साडेसातच्या. मासे मोजके असते तर त्यांनी तेवढ्यावर रात्र काढली असती. आमच्या टाकीत नऊ गोल्डफिश होते, आणि सकर एव्हाना माझ्या हाताएवढा झाला होता. सकाळी सात मेलेले निघाले. त्या दिवशी मम्मीने पप्पांना स्पष्ट सांगितलं, “आता नवीन आणायचे नाहीत.”

उरलेल्या तीन गोल्डफिशना आम्ही तीन फुटी टाकी घेतली. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं, स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळायचा, एवढंच करतो. त्यातले दोन आजही आहेत, तळहाताएवढे. नीट ठेवलेला गोल्डफिश दहा-वीस वर्षं जगतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस मिळालेला टिश नावाचा एक गोल्डफिश तर १९९९ पर्यंत, म्हणजे ४३ वर्षं जगला. आमच्याकडे ‘मासे मरतातच’ म्हणत आम्ही त्यांना पंधरा दिवसांचे आयुष्य देत होतो.

आता आपल्या वाचनकक्षाकडे येते. ठरत आलेला टँक ७५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ४० उंच आहे. गुणाकार केला की ९० लिटर. खडे घालून, वर चार बोटं जागा सोडून प्रत्यक्ष पाणी ७५ लिटरच्या आसपास बसेल. एकतीस माशांना वाटलं तर माशामागे अडीच लिटरसुद्धा येत नाही. आपल्यातले कित्येक जण सॅकमध्ये एक लिटरची बाटली घेऊन येतात. तसल्या अडीच बाटल्यांत एका जिवाने खायचं, हगायचं, श्वास घ्यायचा आणि सुट्टीतले दोन महिने काढायचे.

त्यात ग्रुपवरची यादी बघा. सहा गोल्डफिश, चार फायटर, पाच एंजल, काही निऑन टेट्रा, एक ऑस्कर, दोन सकर, बाकी ‘कुठलाही चालेल’. दोन नर फायटर एका टाकीत टाकले तर एकमेकांचे पर फाडतात, नावच फायटर आहे. मोठा झालेला एंजल निऑन गिळतो. ऑस्कर फूटभर वाढतो आणि तोंडात मावेल ते खातो. सकर त्याहून मोठा होऊ शकतो. गोल्डफिशला थंड पाणी सोसतं आणि आवडतं, एंजलला उबदार हवं. आणि निऑन हा थव्याने राहणारा मासा, किमान सहा-आठ असल्याशिवाय तो भेदरलेलाच राहतो. आपण आवडीनुसार एकेक निवडत गेलो, पण त्या माशांना एकमेकांबरोबर राहायचं आहे हे विसरलो.

इथे ‘मग नेमके किती ठेवायचे?’ हा प्रश्न येतो. एक जुना नियम सांगतात, एका गॅलनला एक इंच मासा. म्हणजे पावणेचार लिटरला एक इंच. ऐकायला सोपा आहे, पण माशाची लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं, आणि घाण वजनाप्रमाणे होते. एक इंचाचे दहा टेट्रा आणि दहा इंचांचा एक ऑस्कर हे सारखे कसे? शिवाय दुकानात दिसतो तो मासा पिल्लू असतो. आपण पिल्लू मोजतो, वाढणार असतो मासा. उलट बाजूही सांगायला हवी. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले सिक्लिड पाळणारे जाणकार टाकीत मुद्दाम जास्त मासे ठेवतात, कारण कमी असले तर दांडगा मासा एकाच दुबळ्याच्या मागे लागून त्याला मारतो. पण ते त्यासाठी दुप्पट फिल्टर लावतात आणि भरपूर पाणी बदलतात. तेव्हा माझा हट्ट एखाद्या आकड्यासाठी नाही. कोणता मासा, मोठेपणी केवढा, त्याची घाण कोण काढणार आणि लाईट गेली तर काय, या चार प्रश्नांची उत्तरं नसतील तर एक मासाही जास्तच आहे.

माझ्या या म्हणण्यावर ग्रुपवर काय येणार ते मला ठाऊक आहे, म्हणून तीन आक्षेप मीच घेते.

पहिला, “तू बांगडा खातेस ना?” खाते. आमच्याकडे शुक्रवारी करी असतेच, आणि ती खाऊन मी हे लिहिते आहे. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण समाधान करणारं उत्तरही नाही. पण एवढं कळतं, की ताटातला बांगडा जाळ्यात सापडेपर्यंत समुद्रात आपल्या मर्जीने राहिला. त्याच्या जगण्यात मी लुडबूड केली नव्हती. टाकीतल्या माशाचं सगळं जगणंच मी ठरवते. पाणी किती, सोबत कोण, उजेड कधी, खाणं केव्हा. एखाद्याला मी इतकं माझ्यावर अवलंबून केलं, की त्याच्याबद्दलची माझी जबाबदारी बांगड्यापेक्षा जास्तच होते. खाण्याचा प्रश्न अवघड आहे म्हणून पाळण्याचा सोपा प्रश्न टाळायचा, हे काही बरोबर नाही.

दुसरा, “माशांना काय कळतं? तीन सेकंदांची तर आठवण.” ही तीन सेकंदांची गोष्ट निव्वळ दंतकथा आहे. गोल्डफिशला शिकवलेलं महिनोन्‌महिने आठवतं. खाण्याचा डबा कोणत्या हातात आहे हे आमच्या दोघांना बरोबर कळतं. वेदनेचं म्हणाल, तर स्कॉटलंडमधल्या रोझलिन संस्थेत लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली ट्राउट माशांवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. माशांच्या ओठांत मधमाशीचं विष आणि आम्ल टोचल्यावर त्यांनी तासन्‌तास खाणं सोडलं, काही जण ओठ तळाच्या खड्यांवर घासत राहिले. ही वेदना आपल्यासारखीच असते का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. पण वाद मिटेपर्यंत संशयाचा फायदा कुणाला द्यायचा? माझ्या मते, ज्याला ओरडता येत नाही त्याला.

तिसरा, “इतकं असतं तर कायदा नसता का?” आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव असं म्हणतो, म्हणजे मासाही आला. त्याच्या ११ व्या कलमात, हालचालीला पुरेशी लांबी-रुंदी-उंची नसलेल्या पिंजऱ्यात किंवा भांड्यात प्राणी ठेवणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? किमान १० रुपये, कमाल ५०. एका फायटरला त्याहून जास्त पडतात. इटलीत मोंझा शहराने २००४ साली आणि पाठोपाठ २००५ साली रोमने गोल काचेच्या भांड्यात गोल्डफिश ठेवण्यावर बंदी घातली. आपल्याकडे पन्नास रुपयांच्या धाकाने कुणी सुधारेल असं मला वाटत नाही. हा प्रश्न पाळणाऱ्याच्या मनावरच सोडलेला आहे, म्हणून तर त्यावर बोलायला हवं.

आपण साहित्याची मुलं. संतांनी जिवाची तळमळ सांगायला पाण्याबाहेर पडलेली मासोळी घेतली, ते आपण पहिल्या वर्षापासून शिकतो. पाण्यात असूनही मासोळी तळमळू शकते, हे मला आमच्या टाकीने शिकवलं. आणि या संदर्भात मला सारखी आठवते ती मनूची गोष्ट. आपण ती मत्स्यावतार म्हणून, प्रलयाची आणि नावेची गोष्ट म्हणून ऐकतो. पण शतपथ ब्राह्मणातली तिची सुरुवात बघा. हात धुताना मनूच्या ओंजळीत एक एवढासा मासा येतो आणि म्हणतो, मला सांभाळ. कसं सांभाळायचं तेही तोच सांगतो. आधी कुंभात ठेव, त्यात मावेनासा झालो की खड्डा खण, तिथेही मावेनासा झालो की समुद्रात सोड. मनू तसंच करतो. माशाने वाढावं हे त्याने धरूनच चाललेलं असतं. आपण मात्र कुंभ तेवढाच ठेवून माशानेच वाढू नये अशी अपेक्षा करतो, आणि वाढला की आपली सुटका म्हणून जवळच्या तलावात नेऊन सोडतो. हेही चूकच. आमच्या देशातल्या नद्या-तलावांत आज परदेशी सकर पसरले आहेत ते असेच कुणाकुणाच्या टाकीतून सुटलेले. मनूच्या माशाला समुद्र त्याचा स्वतःचा होता. दक्षिण अमेरिकेतल्या सकरला आपला तलाव त्याचा नाही.

मित्रमैत्रिणींनो, नुसता विरोध करून मी थांबत नाही. माझा प्रस्ताव असा. टँक द्यायचाच असेल तर हाच, ७५ लिटरचा, पण त्यात एकाच जातीचा एकच थवा. दहा झेब्रा मासे. दीड-दोन इंचांपलीकडे वाढत नाहीत, चपळ असतात, आपल्याच उपखंडातले आहेत, आणि थव्याने फिरताना इतके सुंदर दिसतात की टाकी रिकामी वाटणार नाही. मासे आणण्याआधी पाणी भरून, फिल्टर चालू ठेवून, जिवाणूंची वस्ती बसवायची. त्याची पद्धत आहे, मी शिकवीन. टँकसोबत बॅटरीवर चालणारा एअर पंप द्यायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खरेदीच्या आधी द्वितीय वर्षातले चार जण शोधायचे, जे दर आठवड्याला पाणी बदलतील आणि मे महिन्यात आळीपाळीने येतील. नावं लिहायचीच तर पट्टीवर त्यांचीही लिहूया.

असे चार जण मिळाले नाहीत, तर टँक नको. आपण एप्रिलमध्ये टाळ्या घेऊन निघून जाऊ, मासे इथेच राहतील. सांभाळणारा नसताना जिवंत भेट देणं म्हणजे भेट घेणाऱ्यालाही अडचणीत टाकणं. त्या पैशांत वाचनकक्षाला पुस्तकांचं एक चांगलं कपाट येईल, आणि त्याला लाईट गेली तरी काही होत नाही.

निरोप समारंभ एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आहे. पाणी त्याआधी सहा आठवडे भरून ठेवायचं, म्हणजे ठरवायला आपल्याकडे फार दिवस नाहीत. शनिवारी तास संपल्यावर भेटू. द्वितीय वर्षवाल्यांनीही यावं.

(तृतीय वर्ष बी.ए., मराठी साहित्य)